एलईडी बल्ब खरंच किती वॅट खातो, घरच्या मीटरवरच काढा

डब्यावर 9 वॅट लिहिलंय म्हणून बल्ब 9च खातो असं काही नसतं. इंदूरला महाराणी रोडवर कुठल्याही दुकानात जा, ब्रँडेड असो की ढिगातला लोकल, आकडा सगळ्यांवर तोच, आत ड्रायव्हर (घरची वीज एलईडीला लागते तशी करून देणारं सर्किट) कसा आहे ते कोण बघतंय. आणि जास्तच खातो असंही नाही हं, कमीही खात असेल, मग उजेडही तेवढाच कमी मिळणार.

आता बरेच जण काय करतात, क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा पकडून करंट मोजणारा) लावतात, अँपिअर बघतात, 230ने गुणतात आणि मग ओरडतात की 9चा बल्ब 16 खातोय, लुटलं हो लुटलं! जुन्या पिवळ्या बल्बला हा हिशोब चालायचा. एलईडी आणि सीएफएलचं सर्किट मात्र करंट सलग घेत नाही, व्होल्टेज वर चढलं की तेवढ्यापुरता झटक्याने ओढतं, म्हणून तो गुणाकार वॅट नसतो, व्हीए (नुसते व्होल्ट गुणिले अँपिअर) असतो. वॅटला व्हीएने भागलं की पॉवर फॅक्टर येतो, स्वस्त बल्बांत तो 0.5-0.6च्या आसपास सापडतो, चांगल्यांत 0.9च्या वर. आणि घरचं युनिट म्हणजे किलोवॅट-तास, व्हीएचं नाही, त्यामुळे त्या 16चे पैसे तुम्ही देतच नाही. शिवाय क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएस (म्हणजे वेडावाकडा करंटही बरोबर मोजणारा) नसेल तर अशा झटक्यांचा अँपिअरही चुकीचाच दाखवणार.

सगळ्यात मजा छोट्या नाइट लॅम्पची. बऱ्याच स्वस्त नाइट लॅम्पमध्ये ड्रायव्हर नसतोच, एक कपॅसिटर टाकून काम भागवतात. 0.47 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर 230 व्होल्टवर साधारण 34 मिलिअँप घेतो, गुणाकार केला तर जवळपास 8, आणि खरे वॅट असतात अर्धा-एक. म्हणून अँपिअरवाला धंदा सोडाच.

खरे वॅट मोजणारी वस्तू भिंतीवर आधीच लागलेली आहे, आपला मीटर. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 1600 किंवा 3200 इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. 3200वाला मीटर असेल तर 1125ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, वॅट आले. 1600वाल्याला 2250 घ्या. दुसरा आकडा असेल तर 36,00,000ला त्या आकड्याने भागून घ्यायचं, बस.

एकटा 9 वॅटचा बल्ब लावून बसू नका, 3200च्या मीटरवर दोन मिनिटांवर एक लुकलुक येईल आणि एवढ्याशा लोडवर मीटरचाही भरवसा कमी. एकाच जातीचे दहा बल्ब लावा, घरात तेवढे होल्डर नसतील तर एक्स्टेंशन बोर्डावर प्लगवाले होल्डर खोचून लावा. फ्रिज बंद, गीझर बंद, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सचे प्लग काढलेले, पंखे तर अर्थातच बंद, आणि घरचे ओरडणार नाहीत अशी वेळ बघा (जेवणं झाल्यावर). इन्व्हर्टर हा खरा घोळ, समोरचं बटन बंद केलं तरी पुष्कळ इन्व्हर्टर बॅटरी चार्ज करतच राहतात, त्याला बायपास करून त्याचा प्लग काढता आला तर उत्तम, नाहीतर बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच मोजा. छतावर सोलर असेल तर अंधार पडल्यावर, दिवसा पॅनलची वीज मधे येते आणि हिशोब लागत नाही.

आधी बल्ब न लावता मोजा, काही ना काही चालू राहिलेलंच असतं. समजा 180 सेकंदांनी एक लुकलुक आली, म्हणजे 1125 भागिले 180, सव्वासहा वॅट. मग बल्ब लावा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा, गरम झाल्यावर आकडा सरकतो, सीएफएलला तर पूर्ण उजेड यायलाच वेळ लागतो. आता पहिल्या लुकलुकीला शून्य म्हणून दहापर्यंत मोजा, 120 सेकंद लागले तर एकीला 12, म्हणजे 93.75 वॅट. त्यातून 6.25 काढले, उरले 87.5, एका बल्बाचे पावणेनऊ. फ्लॅटमध्ये मीटर खाली पार्किंगमध्ये असेल तर दिव्याचा व्हिडिओ काढून वर येऊन मोजा, आणि आपलाच मीटर आहे ना ते नंबर बघून पक्कं करा, शेजारच्यांचा मोजत बसाल.

प्लगमध्ये लागणारं पॉवर मीटरही ऑनलाइन मिळतं, ते सोयीचं आहे, वॅट आणि पॉवर फॅक्टर दोन्ही दाखवतं. फक्त दोन-तीन वॅटच्या खाली त्याचा नेम नसतो, त्यामुळे तिथेही चार-पाच एकत्र लावून भागाकार करायचा. कुठल्याही पद्धतीत वायर सोलून मल्टीमीटर सीरिजमध्ये घालायच्या भानगडीत पडू नका, 230 व्होल्ट आहे.

मोजायला बसलातच तर स्मार्ट बल्ब ॲपवरून बंद (पण भिंतीवरचं बटन चालू) असतानाही मोजून घ्या. अर्धा वॅट जरी आला तरी बाथरूममध्ये रोज अर्धा तास जळणारा 9 वॅटचा स्मार्ट बल्ब उजेडासाठी वर्षाला 1.6 युनिट खातो, आणि अंधारात वाय-फायची वाट बघत 4.3.