क्लिनिकच्या कार्ड पेमेंटमधून जास्त पैसे कापले जातायत? माझा अनुभव

डेंटल क्लिनिकमध्ये कार्डने घेतलेली रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम यातला फरक दर महिन्याला ठरलेल्या रेटपेक्षा जास्तच यायचा. मशीन बदलून घेतलं, कस्टमर केअरला फोन केले, उत्तर एकच, "सिस्टिमनुसार बरोबर आहे". डोकं उठलं होतं अक्षरशः.

शेवटी हे चाललं. आधी महिन्याचं अख्खं स्टेटमेंट काढलं, नुसतं पहिलं पान नाही. कापलेल्या सगळ्या चार्जेसची बेरीज केली, तिला कार्डवरच्या एकूण रकमेने भागलं, 100 ने गुणलं, हा खरा रेट. मग प्रत्येक ओळ वेगळी केली: कार्ड देणाऱ्या बँकेचा इंटरचेंज (प्रत्येक व्यवहारातला तिचा वाटा), कार्ड नेटवर्कची (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) फी आणि बाकी सगळं प्रोसेसरचं, म्हणजे आपल्यासाठी कार्ड पेमेंट हाताळणाऱ्या कंपनीचं. पहिल्या दोनवर आपली घासाघीस चालत नाही, तिसऱ्यावर चालते, आणि मशीनचं भाडं, मिनिमम फी, पीसीआयचा (कार्डच्या माहितीच्या सुरक्षेचे नियम) फॉर्म भरला नाही म्हणून दंड (हो, असाही असतो) हे सगळं तिथेच दडलेलं. शिवाय रूट कॅनालचे हप्ते रिसेप्शनवरून फोनवर कार्ड नंबर विचारून टाइप व्हायचे, ते व्यवहार महागड्या रेटला जात होते. मग तो पीसीआयचा फॉर्म भरला, हप्ते पेशंट समोर असताना चिपने घ्यायला लावले, रोज रात्री मशीनवर बॅच (दिवसभराचे कार्ड व्यवहार) बंद करायला सांगितलं, आणि प्रोसेसरकडून त्याचं मार्कअप (तो स्वतःचे म्हणून वर लावतो ते चार्जेस) लेखी मागवलं. पुढच्या स्टेटमेंटवर परत तोच भागाकार केला, रेट खाली आला होता आणि दंडाची ओळ गायब.