सीपॅपचा मास्क आधी दिवसा लावून बघा

झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घरी आलं की बहुतेक जण थेट रात्री मास्क चढवून झोपायला जातात आणि तासाभरात वैतागून तो काढून ठेवतात. त्यापेक्षा सुरुवात संध्याकाळी करा. टीव्ही बघता बघता आधी मास्क नुसता नाकावर धरा, मग पट्टे लावून मशीन चालू करा. जीव गुदमरत नाही हे जागेपणी एकदा पटलं की रात्रीची घालमेल बरीच कमी होते. दुपारची डुलकीही मास्क लावूनच काढा.

पट्टे बसल्या बसल्या आवळू नका. आडवं झाल्यावर गालांची ठेवण बदलते, म्हणून मशीन सुरू ठेवून, नेहमीच्या कुशीवर वळून मगच ते बसवा. हवा डोळ्यांकडे फुसफुसायला लागली की हात आपसूक पट्ट्याकडे जातो. थांबा. मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून परत टेकवा. सिलिकॉनची कड हवेने फुगून पुन्हा नीट बसते. सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ दिसला तर पट्टा बहुधा जास्त घट्ट आहे. रात्री चेहऱ्याला क्रीम फासायची सवयही सोडा, त्याने मास्क घसरतो. दाट मिशी असेल तर नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क मागून पाहा (मिशी उतरवायची गरज नाही!).

मशीनमध्ये ‘रॅम्प’ असेल तर चालू करून घ्या. हवेचा दाब हळूहळू वाढतो. ठरवून दिलेला दाब मात्र परस्पर बदलू नका. घसा कोरडा पडत असेल तर ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारं मशीनचं पाण्याचं भांडं) वापरा, त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला आणि ते रोज बदला.