प्लॅनर सेटिंगची नोंद ठेवताय? या चुका टाळा

वणी-पांढरकवड्याकडच्या जिनिंगवर दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा काट्याची पावती अडकून चालत नाही. पावत्यांचा डेटाबेस सांभाळणारा पोस्टग्रेस रेंगाळला की मुनीम गावातल्या कॉम्प्युटरवाल्या पोराला बोलावतो, तो प्लॅनरचे, म्हणजे क्वेरी (माहितीची मागणी) कोणत्या मार्गानं चालवायची ते ठरवणाऱ्या भागाचे, दोन आकडे बदलतो, काम भागतं. पुढच्या हंगामात पोरगा पुण्याला गेलेला असतो अन् आकडे का बदलले ते कोणालाच ठाऊक नसतं.

नोंद ठेवणारे बहुतेक जण पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ ही सेटिंगची फाइल उघडतात आणि दिसेल ते उतरवून घेतात. तिथंच फसतात. फाइलीत रँडम_पेज_कॉस्ट (डिस्कवरचं विखुरलेलं पान वाचण्याचा धरलेला खर्च) 4 दिसेल, प्रत्यक्षात 1.1 चालू असेल. ऑल्टर सिस्टिम या कमांडनं केलेला बदल पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फमध्ये जातो आणि ती फाइल नंतर वाचली जाते. एका डेटाबेसपुरते ऑल्टर डेटाबेसनं किंवा एका युजरपुरते ऑल्टर रोलनं केलेले बदल या दोन्ही फाइलींच्याही वरचढ. म्हणजे काट्यावरच्या युजरला एक आकडा, हिशेबाच्या युजरला दुसरा! ज्याची तक्रार आहे त्याच युजरनं लॉगिन करा आणि चालू सेटिंगं दाखवणाऱ्या पीजी_सेटिंग्जमध्ये सोर्स कॉलम बघा, आकडा कुठून आला ते तिथं कळतं. ऑटो.कॉन्फमध्ये शेरे लिहू नका. पुढच्या ऑल्टर सिस्टिमला ते पुसले जातात.

नुसता आकडा लिहिणंही बिनकामाचं. ‘1.1, कारण एसएसडी बसवली’ असं लिहा. वीज पडून मशीन जळलं आणि जुनी हार्डडिस्क लावावी लागली, तर काय परत फिरवायचं ते त्यावरून कळेल.

‘इफेक्टिव्ह_कॅश_साइजला 4 जीबी दिली’ हे वाक्य तर खोडाच. ती मेमरी राखून ठेवत नाही, प्लॅनरला फक्त अंदाज देते. वर्क_मेम मात्र खरंच मेमरी खाते, तीही प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशला वेगळी. एनेबल_सीकस्कॅन (अख्खं टेबल ओळीनं वाचण्याची मुभा) बंद करणं तपासणीपुरतं ठीक. कायमचं बंद ठेवणं म्हणजे दुखणं दाबणं.

हंगामाच्या तोंडाशी क्वेरी मंदावली तर आधी टेबलाची आकडेवारी नव्यानं गोळा करणारं अ‍ॅनालाइझ चालवा. आपोआप होणारं अ‍ॅनालाइझ मूळ सेटिंगमध्ये 50 अधिक टेबलाच्या 10 टक्के ओळी बदलल्यावरच सुरू होतं. जुन्या हंगामांच्या पावत्या साठलेल्या टेबलात तेवढी आवक व्हायला बरेच दिवस लागतात, तोवर आजच्या तारखेच्या ओळी मोजक्याच असाव्यात असं प्लॅनर धरून चालतो. क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवणाऱ्या एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमध्ये अंदाजी आणि खऱ्या ओळी शेजारी शेजारी दिसतात. आवृत्ती 12 पासून त्याला सेटिंग्ज पर्याय जोडता येतो. प्लॅनवर परिणाम करणारी बदललेली सेटिंगं तो छापतो. बदलाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्लॅन नोंदीत चिकटवा.

पावत्यांच्या टेबलापुरता हा 10 टक्क्यांचा आकडा 1 टक्क्यावर आणला असेल, तर तो वेगळा टिपा. तो पीजी_सेटिंग्जमध्ये दिसत नाही, पीजी_क्लास या टेबलांच्या यादीतल्या रिलऑप्शन्स कॉलममध्ये असतो.