लॅबसोबत मोठ्या वैद्यकीय परिषदेला जाताना: तयारीची यादी

तिकीट, हॉटेल, रजिस्ट्रेशन, व्हिसासाठी आयोजकांचं निमंत्रणपत्र. हे कुणाला सांगावं लागत नाही. फक्त रजिस्ट्रेशनवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळवून घ्या, आणि सादर करणाऱ्याची नोंदणी मुदतीत झाल्याची खात्री करा. ती झाली नाही तर बऱ्याच परिषदा अ‍ॅबस्ट्रॅक्ट (संशोधनाचा छोटा सारांश) कार्यक्रमातून सरळ काढून टाकतात.

आता यादीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ: अ‍ॅबस्ट्रॅक्ट ऑनलाइन कधी उघडा होणार, ती तारीख. परिषदेची तारीख नव्हे, तुमच्या भाषणाची तर नव्हेच. मोठ्या परिषदा नेहमीचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट बरेचदा काही दिवस किंवा आठवडे आधीच वेबसाइटवर टाकतात, ‘लेट-ब्रेकिंग’ (अगदी शेवटी हाती आलेल्या ताज्या निकालांच्या) गटातले मात्र सहसा सत्र सुरू होईपर्यंत झाकून ठेवतात. म्हणजे एकाच लॅबमधल्या चौघांच्या वेगवेगळ्या तारखा असू शकतात. प्रत्येकाच्या नावापुढे त्याची तारीख लिहा, सगळ्यांना दिसेल अशा जागी. नियमावलीत सापडत नसेल तर आयोजकांना ईमेल करून लेखी उत्तर घ्या. मागच्या वर्षीच्या अंदाजावर राहू नका.

एवढा आग्रह का? पेटंट. युरोपात अर्ज दाखल होण्याआधी जगात कुठेही, लेखी किंवा तोंडी, जे लोकांसमोर आलं ते नवं धरलं जात नाही. स्वतः संशोधकानेच सांगितलं असलं तरी सर्वसाधारण सूट नाही. अमेरिकेत संशोधकाने स्वतः उघड केलेल्या गोष्टीला १२ महिन्यांची सवलत आहे, पण तिच्यावर विसंबून राहिलात तर युरोपचं दार बंद झालेलं असतं. त्यामुळे अर्जाची मुदत पोस्टर लावण्याच्या दिवसावरून मोजू नका, अ‍ॅबस्ट्रॅक्ट उघडण्याच्या दिवसावरून मोजा. संस्थेच्या पेटंट विभागाला मसुदा करायला वेळ लागतो. त्यांच्याकडे अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवण्याआधी जा, स्वीकृतीचं पत्र आल्यावर नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागे घेण्याची मुदतही पाहून ठेवा. ती सहसा अ‍ॅबस्ट्रॅक्ट उघडण्याच्या तारखेच्या आधी संपते, आणि एकदा संपली की हातात काही उरत नाही.

एम्बार्गो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी निष्कर्ष जाहीर न करण्याचं बंधन, तोही बरेचदा त्याच तारखेला बांधलेला असतो. संस्थेच्या जनसंपर्क विभागाला, निधी देणाऱ्यांना, लॅबच्या सोशल मीडिया खात्याला, सगळ्यांना ती कळवा. जर्नलची भीती मात्र बरेच जण उगाच बाळगतात. १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने मांडलेल्या इंगेलफिंगर नियमामुळे आधी छापलेलं काम नाकारण्याची प्रथा रुजली, पण परिषदेतलं सादरीकरण आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट त्यातून सहसा वगळलेले असतात. अडचण होते ती परिषदेत न दाखवलेले तक्ते पत्रकारांना दिले की. पोस्टरवरच्या क्यूआर कोडमागे अख्खं हस्तलिखित ठेवू नका. जिथे पाठवणार त्या जर्नलचं धोरण आधी वाचा.

स्लाइड्स. एक्सेलमधून आलेख चिकटवताना अनेकदा अख्खी वर्कबुक स्लाइडमध्ये शिरते. तुमची फाइल परिषदेच्या सर्व्हरवर जाते आणि आलेखावर डबल-क्लिक करणाऱ्याला रुग्णनिहाय डेटा दिसू शकतो. आलेख चित्र म्हणूनच चिकटवा. कापलेल्या फोटोचंही तसंच आहे: क्रॉप केलेला भाग फाइलमध्ये शिल्लक असतो, तो वेगळा पुसावा लागतो. स्कॅनच्या कोपऱ्यातलं नाव आणि नोंदणी क्रमांक असेच बाहेर जातात. दुसरं, मायक्रोचं चिन्ह. ते सिम्बॉल फॉन्टमध्ये टाईप केलेलं असेल आणि फॉन्ट बदलला, तर तिथे साधा ‘एम’ उमटतो आणि मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो. डोस हजारपट! स्पीकर रूमच्या संगणकावर प्रत्येक स्लाइड स्वतः उघडून बघा, आणि सत्राच्या आदल्या दिवशी बघा. हितसंबंधांची स्लाइड सुरुवातीलाच, वाचता येईल इतका वेळ. हितसंबंध नसतील तर तेही सांगायचं.

पोस्टर: फलक उभा की आडवा, हे नियमावलीत वाचा. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, पण सगळे फलक त्या मापाचे नसतात. दिशा चुकली तर पोस्टर फलकाबाहेर लटकू शकतं. कापडावर छापलं तर घडी घालून बॅगेत जातं. कागदी असेल तर नळी हातातच ठेवा, चेक-इनला देऊ नका. पीडीएफ दोघांकडे असू द्या. छापायला देण्याआधी सगळ्या सहलेखकांची लेखी संमती घ्या, आणि ती घेताना पुन्हा विचारा: पेटंटचा अर्ज गेला का, अ‍ॅबस्ट्रॅक्ट उघडण्याची तारीख उलटली का?

सराव लॅबमध्येच, घड्याळ लावून. दहा मिनिटांचं भाषण नऊ मिनिटांत संपलं पाहिजे. प्रश्नांची उत्तरं विद्यार्थ्याने द्यायची, गाइडने मध्ये पडायचं नाही. पोस्टरपाशी काय सांगायचं नाही हे निघण्याआधी ठरवा: न छापलेली रचना, पुढचा प्रयोग, दुसऱ्या गटाने विश्वासाने दिलेला डेटा. “ते अजून प्रकाशित नाही, आत्ता सांगता येणार नाही” हे वाक्य सगळ्यात धाकट्यालाही बिनसंकोच म्हणता आलं पाहिजे. त्याला आधी म्हणायला लावा, कारण नामांकित प्राध्यापक समोर उभे राहिले की तो खूश होऊन सगळं सांगून टाकतो, आणि वर म्हटलंच आहे की तोंडी सांगणंही उघड करणंच असतं.

सत्रं वाटून घ्या. सगळी लॅब एकाच सभागृहात बसली तर बाकीची समांतर सत्रं फुकट जातात. मात्र आपल्या माणसाच्या भाषणाला सगळे, आणि प्रत्येक पोस्टरला एक बदली माणूस. दूरच्या दोन दालनांतली लागोपाठची सत्रं एकाला देऊ नका, चालण्यातच पंधरा मिनिटं जातात. टिपणं एकाच सामायिक फाइलमध्ये: रुग्णसंख्या, मुख्य निष्कर्ष, तुलना कशाशी, काय दाखवलं नाही. फोटो काढायला परवानगी आहे का ते आधी बघा. कार्यक्रम फोनवर उतरवून ठेवा, गर्दीत वाय-फाय टिकत नाही.

मऊ बूट, चार्जर, पाणी.

परत आल्यावर पावत्या लगेच जमा करा, भेटलेल्यांना आठवड्याच्या आत ईमेल करा, उपस्थितीचं प्रमाणपत्र पोर्टल बंद होण्याआधी उतरवून घ्या. टिपणांवर एक लॅब मीटिंग, तीही त्याच आठवड्यात.