कापडी पिशवी खरंच बरी का? हिशोब असा मांडा

दोन वस्तू शेजारी ठेवून पर्यावरणाला कोणती बरी, हे कळत नाही. कच्चा माल, कारखाना, वाहतूक, वापर आणि शेवटी कचरा, असा वस्तूचा सगळा जन्म धरावा लागतो.

आधी काम ठरवा. एका पिशवीची दुसरीशी तुलना नको. ‘वर्षभराची भाजी घरी आणणं’ हे काम धरा आणि त्याला कुठल्या किती पिशव्या लागतील ते लिहा.

मग भार कधी पडतो ते पाहा. पिशवीचा जवळजवळ सगळा भार ती बनतानाच पडतो: कापसाची शेती, खतं, सूतगिरणी, रंगाई. म्हणून ती किती वेळा वापरली, एवढाच प्रश्न उरतो. ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या 2011 च्या अहवालानुसार, सुपरमार्केटच्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी पडायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. ती प्लास्टिकची पिशवी नंतर कचऱ्याच्या डब्याला लावली जात असेल, तर 327 वेळा. आठवड्यातून दोनदा बाजार केला, तर 131 ला सव्वा वर्ष लागतं, 327 ला तीन वर्षांहून जास्त. आता समारंभांत फुकट मिळून कपाटात साठलेल्या पिशव्या मोजा! जुन्या साडीची शिवलेली पिशवी मात्र सरळ पुढे जाते, कारण कापसाचा भार साडीच्या खात्यावर आधीच पडलाय.

पंख्याचं उलट. त्याचा भार चालण्यात आहे. जुना पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) साधारण 30 वॅटचा. रोज 12 तास, वर्षात 300 दिवस धरले तर 162 युनिटचा फरक. आपल्याकडे एका युनिटमागे ढोबळमानाने 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे वर्षाला सुमारे 113 किलो. दिवसभर फिरणारा पंखा बदला. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

काय मोजलं नाही, तेही लिहा. कार्बनच्या आकड्यात नाल्यात अडकलेली पिशवी दिसत नाही. 26 जुलै 2005 च्या मुंबईच्या पुरात गटारं तुंबायला प्लास्टिकच्या पिशव्यांचाही हातभार होता. पाण्याचंही तसंच: विदर्भातला बराचसा कापूस कोरडवाहू, त्यामुळे सिंचनावरच्या कापसाचे परदेशी आकडे त्याला जसेच्या तसे लावू नका. कचरा आणि पाणी यांचे रकाने वेगळे ठेवा, कार्बनच्या किलोंत मिसळू नका.