फळमाशीचं हेजहॉग-विंगलेस मॉडेल तपासायचं कसं

बायोमॉडेल्ससारख्या, जैविक प्रक्रियांची संगणकी मॉडेलं ठेवणाऱ्या संग्रहात एखाद्या मॉडेलवर ‘क्युरेटेड’ असा शेरा दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच की फाइल चालवल्यावर मूळ शोधनिबंधातला निकाल पुन्हा मिळतो. हेही थोडं नाही. २०२१ मध्ये त्या संग्रहाच्या चमूने ४५५ मॉडेलं तपासली, तेव्हा ४९ टक्के मॉडेलं निबंधात दिलेल्या माहितीवरून थेट उभी राहिली नव्हती. पण मॉडेल निबंधाशी जुळणं वेगळं आणि माशीशी जुळणं वेगळं. ही दुसरी तपासणी आपली आपल्यालाच करावी लागते.

इथे उदाहरणाला रेका आल्बर्ट आणि हॅन्स ऑथमर यांचं २००३ चं बूलियन मॉडेल (प्रत्येक घटक फक्त चालू किंवा बंद मानणारं) घेऊ. फळमाशीच्या भ्रूणात खंडांच्या सीमा टिकवून धरणारं, हेजहॉग आणि विंगलेस यांसारख्या जनुकांचं आणि त्यांच्या प्रथिनांचं जाळं त्यात आहे. आकाराने ते लहान असल्यामुळे कागदावरही पडताळता येतं.

आधी रचना मोजा. पेशी चार, प्रत्येकीत १५ घटक, म्हणजे एकूण ६० चलं. प्रत्येक चल ० किंवा १. पहिल्या पेशीचे शेजारी दुसरी आणि चौथी आहेत ना, हे डोळ्यांनी बघा. कडा वर्तुळासारख्या जोडलेल्या असायला हव्यात. चारही पेशींचे नियम सुटे लिहिलेल्या फाइलीत चूक होते ती नेमकी इथे: तीन पेशी बरोबर असतात आणि कडेची एक शेजाऱ्याविना राहते.

मग सुरुवातीची स्थिती, म्हणजे पायरी ०, भरा. विंगलेस चौथ्या पेशीत. एनग्रेल्ड आणि हेजहॉग पहिलीत. पॅच्ड आणि सीआय (क्युबिटस इंटरप्टस) दुसरी, तिसरी, चौथीत. ही सगळी जनुकं. स्लॉपी पेअर्ड हे प्रथिन तिसरी-चौथीत कायम चालू. बाकीची प्रथिनं शून्य.

मॉडेल चालवून बदल थांबले, की त्या स्थिर स्थितीत विंगलेस चौथीत आणि एनग्रेल्ड पहिलीत राहायला हवं. पण एवढ्यावर समाधान मानू नका, कारण सुरुवातच त्या नमुन्याने केली होती. खरी कसोटी पॅच्ड जनुकाची. तीन पेशींतून सुरू होऊन ते फक्त दुसरी आणि चौथीत उरलं पाहिजे. भ्रूणातही पॅच्डचा रुंद पट्टा पुढे असाच दोन अरुंद पट्ट्यांत दुभंगतो. तिसऱ्या पेशीत जनुक बंद पडलं तरी पॅच्ड प्रथिन मात्र टिकलेलं दिसायला हवं.

सर्वात जास्त वेळ द्यायचा तो काळाच्या क्रमाला. मूळ मॉडेलमध्ये स्मूदन्ड या प्रथिनाची अवस्था त्याच पायरीतल्या पॅच्ड आणि हेजहॉग प्रथिनांवरून ठरते, कारण ती प्रक्रिया तत्काळ मानली आहे. फाइल तयार करताना कुणी तिलाही इतरांसारखी एक पायरीची उसंत दिली, तर काय होतं ते बघा. पायरी १ ला तिसऱ्या पेशीत पॅच्ड प्रथिन तयार झालेलं असतं. पण स्मूदन्ड पायरी ० कडे बघतं, तिथे पॅच्ड नसतं, म्हणून ते चालू होतं. पायरी २ ला सीआयचं सक्रिय रूप येतं आणि पायरी ३ ला तिसऱ्या पेशीत विंगलेस पेटतं. पायरी ४ ला ते विझतं, पण तोवर त्याचं प्रथिन बनून गेलेलं असतं. परिणामी पायरी ५ ला दुसऱ्या पेशीत एनग्रेल्ड उगवतं. नियम सगळे बरोबर आणि निकाल चुकीचा! म्हणून शेवटची स्थिती बघून थांबू नका, पहिल्या दहा पायऱ्यांचा तक्ता छापून घ्या. पेशींची चलं यादृच्छिक क्रमाने बदलूनही पाहा. शावेस, आल्बर्ट आणि सोन्ताग यांनी २००५ मध्ये दाखवलं की प्रथिनांच्या पातळीवरच्या प्रक्रिया जनुकांहून जलद मानल्या, तर योग्य नमुना जास्त वेळा हाती येतो.

यानंतर म्यूटंट, म्हणजे एखादं जनुक निकामी झालेली माशी. जनुक शून्यावर खिळवा आणि पुन्हा चालवा. विंगलेस, एनग्रेल्ड किंवा हेजहॉग काढलं की नमुना नाहीसा झाला पाहिजे. पॅच्ड काढलं की विंगलेस तिसरी-चौथीत आणि एनग्रेल्ड पहिली-दुसरीत, म्हणजे पट्टे रुंद. सीआय काढलं तर मात्र विंगलेस आणि एनग्रेल्ड जागच्या जागी राहतात. हा निकाल चूक वाटून दुरुस्त करायला जाऊ नका. हेजहॉग नसलं की सीआयचं दमनकारी रूप तयार होऊन विंगलेस बंद पाडतं. सीआयच नसलं की दमन करणारंही कुणी नसतं. हेजहॉग आणि सीआयचे हे दोन म्यूटंट सारखेच निघाले, तर तुमच्या फाइलीत सीआयची दोन रूपं नीट वेगळी केलेली नाहीत, असं समजा.

अवकल समीकरणांचं मॉडेल असेल तर एकाच प्राचल-संचावर (समीकरणांतल्या स्थिरांकांच्या एकाच किमतींवर) भरवसा ठेवू नका. फॉन डासो आणि सहकाऱ्यांनी २००० साली याच जाळ्यावर २,४०,००० यादृच्छिक संच चालवले. त्यातल्या १,१९२ संचांनी योग्य नमुना दिला. त्याआधी त्यांच्या मूळ जाळ्याने काम केलंच नव्हतं, दोन दुवे वाढवावे लागले: विंगलेसचं स्वतःला चालना देणं आणि सीआयच्या दमनकारी रूपाने एनग्रेल्डला रोखणं. म्हणून एकेक दुवा तोडून बघा. जो तोडल्याने काहीच बिघडत नाही, त्याचा प्रायोगिक पुरावा शोधा.

फ्लायबेस या फळमाशीच्या जनुकांच्या माहितीसंग्रहातले जनुक-क्रमांकही ताडून पाहा. जुन्या फाइलींतले काही क्रमांक पुढे बदललेले असतात, आणि आपोआप जोडणी करणारी स्क्रिप्ट अशा जनुकांना मुकाट्याने गाळते. अहवालात फाइलीची आवृत्ती, सुरुवातीची स्थिती आणि चलं बदलण्याचा क्रम या तिन्ही गोष्टी लिहा; यातली एक जरी राहिली, तरी दुसऱ्याला तुमचा निकाल पडताळता येणार नाही.