हौशी छायाचित्रकाराने फोटो एडिटिंगचे सॉफ्टवेअर कसे निवडावे

सॉफ्टवेअरच्या जाहिराती पाहण्याआधी कॅमेऱ्याचा मेनू उघडून आपण फोटो रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली माहिती) साठवतो की केवळ जेपेगमध्ये (कॅमेऱ्यानेच तयार करून लहान केलेली फाइल), हे पाहावे, कारण अर्धी निवड तिथेच होऊन जाते. नेहमीच्या जेपेगमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या अशा प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात, म्हणून नंतर उजेड आणि रंग सावरायला तिथे जास्त वाव असतो. मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकण्यापुरताच ज्यांचा छंद आहे, त्यांना स्नॅपसीडसारखे मोफत अ‍ॅप पुरते आणि पुढचे वाचले नाही तरी त्यांचे काही अडणार नाही.

रॉ काढणाऱ्याने मात्र सॉफ्टवेअर स्वतःच्याच फोटोंवर पारखावे. कंपनीने निवडून दिलेल्या नमुन्यांवर प्रत्येक प्रोग्रॅम चांगलाच दिसतो. आपल्याकडचे दोन फोटो हमखास परीक्षा घेतात. पहिला, पावसाळ्यात माळशेज घाटात काढलेला, ज्यात वर पांढरे ढग असतात आणि खाली काळवंडलेला हिरवा डोंगर. हायलाइट्सचा (फोटोतल्या उजळ भागांचा) स्लायडर खाली नेल्यावर ढगांचे थर उमटतात की नुसता करडा रंग पसरतो ते पाहावे, मग शॅडोज (गडद भाग) वर नेऊन डोंगराच्या कडेला पांढरी किनार दिसू लागते का, हे फोटो शंभर टक्के मोठा करून तपासावे. (ढग मुळातच पूर्ण पांढरा जळला असेल, तर त्याला कोणताच प्रोग्रॅम परत आणू शकत नाही, या परीक्षेसाठी किंचित कमी एक्स्पोजरचा, म्हणजे थोडा अंधारा, फोटो घ्यावा.) दुसरा, गणपतीच्या आरतीच्या वेळी घरातल्या उजेडात, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वर काढलेला. झेंडूच्या हारात लाल रंगाची पातळी सर्वांत आधी भरून जाते आणि पाकळ्या विरून फुलाचा सपाट केशरी गोळा होतो. त्या पाकळ्या परत वेगळ्या दिसतात का, आणि नॉइज (फोटोत दिसणारे रवाळ ठिपके) कमी करताना मूर्तीचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो का, एवढे पाहिले की दोन प्रोग्रॅममधला जो फरक वैशिष्ट्यांच्या तक्त्यांतून कधीच कळत नाही, तो पाच मिनिटांत कळतो.

बहुतेक जण सवयीने ‘फोटोशॉप हवे’ असे म्हणतात. १९९० मध्ये आलेला हा प्रोग्रॅम एकेका चित्रावर लेयर (एकावर एक थर) रचून बारकाईने काम करण्यासाठी आहे. सहलीहून आणलेल्या चारशे फोटोंतून चाळीस निवडायचे आणि त्यांचा व्हाइट बॅलन्स (उजेडामुळे येणारी पिवळी-निळी झाक) एकसारखा करायचा, हे हौशी माणसाचे खरे काम असते, आणि त्यासाठी लाइटरूम, कॅप्चर वन किंवा डार्कटेबल यांची घडण अधिक योग्य आहे. मोफत असलेला जिंप हा फोटोशॉपच्या जातीचा आहे; रॉ फाइल उघडण्यासाठी तो डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांचीच मदत घेतो.

पैशांबाबत दर महिन्याचा आकडा पाहून भागत नाही, पैसे भरणे थांबवल्यावर काय उरते हेही विचारावे. एकदाच पैसे भरून मिळणारे लाइटरूम २०१५ च्या सहाव्या आवृत्तीनंतर बंद झाले. आजच्या लाइटरूम क्लासिकची वर्गणी थांबली तरी कॅटलॉग (फोटोंची आणि त्यांवरच्या बदलांची नोंद ठेवणारी फाइल) उघडतो आणि फोटो बाहेर काढता येतात, मात्र एडिटिंगचा डेव्हलप विभाग बंद होतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी पूर्णपणे मोफत आहेत. त्यांची किंमत शिकण्याच्या वेळात मोजावी लागते, आणि डार्कटेबलच्या बाबतीत ती कमी नाही. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचे एनएक्स स्टुडिओ ही मोफत सॉफ्टवेअरे माझ्या मते अकारण दुर्लक्षित आहेत. त्यांत कॅमेऱ्याचे रंग जसेच्या तसे मिळतात, पण दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल मात्र तिथे चालत नाही.

आपले एडिटिंग नेमके कुठे साठवले जाते, हा प्रश्न नवखे विचारतच नाहीत. मीही विचारला नव्हता. माझ्या प्रोग्रॅमचे सारे बदल एकाच कॅटलॉग फाइलमध्ये होते. हार्ड डिस्क बदलताना मी फोटोंचे फोल्डर तेवढे उचलले आणि जुनी डिस्क फॉरमॅट केली. मूळ फोटो शाबूत राहिले, दोन वर्षांची मेहनत गेली. डार्कटेबल प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल ठेवतो, त्यामुळे फोल्डरबरोबर बदलही हलतात. लाइटरूम क्लासिकमध्ये तशी फाइल लिहिण्याची सोय सेटिंगमधून सुरू करता येते, आणि ती पहिल्याच दिवशी सुरू करावी.

फोटोवर मराठी मजकूर टाकणार असाल, तर ‘किल्ला’ हा शब्द टाइप करून पाहावा. पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसली किंवा ‘ल्ल’ फुटला, तर त्या प्रोग्रॅमला देवनागरीची जोडणी जमलेली नाही. जिंपमध्ये ती सहसा नीट होते. फोटोशॉपमध्ये कधी कधी टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिपींची सोय निवडावी लागते.

चाचणीची मोफत मुदत अनेकदा सातच दिवसांची असते. म्हणून प्रोग्रॅम उतरवण्याआधी असे आठ-दहा अवघड फोटो एका फोल्डरमध्ये काढून ठेवावेत आणि शनिवारी सकाळी चाचणी सुरू करावी.